गावाचं नाव बदललं आहे

"ब्लॉग लिहा, नोकरी तुमचं घर विचारत येईल," असं आमचे सर म्हणायचे. इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी ते वाक्य आठवलं की डोकं सणकतं. घर विचारत येईल म्हणे! चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात आमचं घर विचारत तेव्हा फक्त वीजबिलवाला यायचा, आणि वीज तर निम्मा दिवस नसायचीच.

दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षं झाली होती. चंद्रपूरला पत्रकारितेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम निघाला होता आणि मी त्यात नाव घातलं होतं. वर्गात आम्ही अकरा जणं. मी रोज मूलहून एस.टी.नं जायची-यायची. सर नागपूरचे, आठवड्यातून दोनदा यायचे. कुठल्याशा शिबिरात ते ऐकून आले होते की आता संपादक लोक अर्ज वाचत नाहीत, ब्लॉग वाचतात. आमच्या जिल्ह्यातल्या संपादकांना ईमेल उघडून द्यायला हाताखाली माणूस लागायचा. हे सरांना माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तरी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'ब्लॉग' लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारायचे, आणि आम्ही अकराही बह्याडांनी ते वहीत उतरवून घेतलं.

माझ्यासाठी तो नुसता अभ्यास नव्हता. अब्बा मूलच्या बाजारात शिवणकाम करायचे. शाळेचे गणवेश, बायकांची पोलकी, कधी वरातीच्या बॅन्डवाल्यांचे कोट. मोठ्या भावानं माझ्यासाठी डी.एड.चा फॉर्म आणून कपाटात ठेवला होता. त्या काळात आमच्याकडं ज्याला त्याला डी.एड. करायचं असायचं. मला बातमीदार व्हायचं होतं. भाऊ म्हणाला, "पेपरात पोरी काम करतात का कुठी?" भांडण पेटलं तेव्हा अब्बांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "एक साल देऊ तिले. एका सालात पेपरात नोकरी लागली त ठीक. नाई लागली त भावाचा फॉर्म भरायचा. मंग मले मधात ओढू नको बेटा." तेव्हापासून माझ्याकडं एक वर्ष होतं. पुढच्या जूनपर्यंत नोकरी, नाहीतर डी.एड.

तर ब्लॉग काढला. मूलच्या बाजारपेठेत एक सायबर कॅफे होता, प्लायवूडचे चार कप्पे आणि प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा. पडद्यामागं पोरं काय बघत बसायची ते सांगायला नको. मी पडदा मुद्दाम पूर्ण उघडा ठेवून बसायची, म्हणजे कुणी अब्बांच्या कानाला लागायला नको. मराठी टाइप करायची म्हणजे तपश्चर्या. एका मशीनवर अक्षरं उमटायची, दुसऱ्यावर नुसते चौकोन. आणि अर्धा लेख झाला की लाइट जायची. चंद्रपूरच्या वीज केंद्राचा धूर अख्ख्या जिल्ह्यानं खायचा, वीज मुंबईला जायची, आणि आमच्या वाट्याला भारनियमन. कितीदा तरी मी 'सेव्ह' म्हणायच्या आत स्क्रीन काळी झाली आणि मी कॅफेवाल्यावर ओरडले. तो बिचारा म्हणायचा, "बाई, मी काय करू? मी काय वीज मंत्री आहो?"

वाचायचं कोण? मूलमध्ये कुणीच नाही. वाचायचे ते अमेरिकेतले, दुबईतले, पुण्यातले. "छान लिहिता," "गावाकडची आठवण आली," "जंगलाचे फोटो टाका ना." कसली गावाकडची आठवण? त्यांच्या गावात आंबे होते आणि समुद्र होता. पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कुणीतरी वाचतंय म्हटलं की दोन दिवस बरे जायचे. वर्गात सिरोंच्याचा एक जण होता, गोदावरीतल्या मासेमारीवर झकास लिहायचा. त्याला कॅनडातून कौतुक यायचं. त्यानं सरांना विचारलं, "सर, कॅनडात नोकरी भेटन का?" सगळे हसले. सर नाही हसले. त्यांनी "सातत्य ठेवा" म्हणून सांगितलं आणि पुढचा धडा सुरू केला.

एप्रिल संपत आला तरी माझं सातत्य चालूच होतं आणि नोकरीचा पत्ता नव्हता.

मे महिन्यात एका बाजाराच्या दिवशी पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावाची एक म्हातारी अब्बांच्या दुकानात आली. गोंड बाई, गावची सुईण. अख्ख्या गावाची नाळ तिनं कापलेली. तिची सून गरोदर होती, म्हणून बाळासाठी झबली शिवायला टाकायची होती. मी तिथंच काजं करत बसले होते. अब्बांनी सहज विचारलं, "बाई, तुमच्या गावात त दवाखाना झाला ना आता?" म्हातारी फिस्कन हसली.

"झाला ना भाऊ. मस्त झाला. रंग बी देला. आत तेंदूपत्ता झोपून हाये."

मी काजाची सुई तशीच ठेवली. विचारत गेले, ती सांगत गेली. सरकारनं आरोग्य उपकेंद्र बांधलं, नर्सबाई दोन महिने राहिली आणि गेली, तेव्हापासून कुलूप. दर उन्हाळ्यात विड्यांच्या तेंदूपत्त्याचा ठेकेदार त्यात आपले बोद ठेवतो. बोद म्हणजे पत्त्याची गच्च भरलेली मोठी पोती. किल्ली त्याच्या मुनशीकडं. गावातली बाई अडली की खाटेवर टाकून पोंभुर्ण्याला न्यायची. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की तेही नाही.

"माही सून आखाडात मोकळी होईन," ती म्हणाली. "पयल्या खेपेले पोर आडवं होतं. माह्या हातानं नाई जमलं मले. वाटेत मेलं ते."

हे ती रडत नव्हती सांगत. शर्टाचं माप सांगावं तसं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मी काळीपिवळी जीपनं पोंभुर्ण्याला आणि तिथून एका ओळखीच्याच्या फटफटीवर त्या गावाला गेले. उपकेंद्राच्या खिडकीची एक काच फुटलेली होती. आत डोकावले तर बाळंतपणाच्या लोखंडी टेबलावर बोद रचलेले. भिंतीवर गरोदर बाईनं काय खावं याचं चित्र, आणि त्याला टेकून आणखी बोद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारी शेजारी उभी होती. तिनं मला तिचं नाव सांगितलं, सुनेचं नाव सांगितलं, गावाचं नाव दोनदा सांगितलं.

"पेपरात येईन ना?"

"येईन," मी म्हटलं. ब्लॉग म्हणजे काय ते तिला समजावून सांगायचा मला कंटाळा आला, हे खरं कारण. मी वेळ मारून नेली.

त्या संध्याकाळी लाइट होती. मी एका बैठकीत सगळं लिहिलं आणि आजवर लिहिलं नव्हतं इतकं चांगलं लिहिलं. फक्त एक केलं. सरांनी शिकवलं होतं की दुबळ्या माणसांबद्दल लिहिताना त्यांची ओळख लपवावी, म्हणजे त्यांच्यावर कुणी डूख धरत नाही. ठेकेदार मोठा माणूस होता. म्हणून मी म्हातारीचं नाव बदललं, सुनेचं बदललं आणि गावाचंही बदललं. मोहाच्या झाडावरून एक नाव तयार केलं. फार गोड वाटलं मला ते. शेवटी नियमाप्रमाणं एक ओळ टाकली, "व्यक्तींची व गावाची नावे बदलली आहेत," आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

त्या लेखाला जेवढी उत्तरं आली तेवढी आधी कशालाच आली नव्हती. दुबईतला एक जण म्हणाला, डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं, आता नोकरी लागलीच.

महिनाअखेरीला चंद्रपूरच्या एका दैनिकात मुलाखत मिळाली. अभ्यासक्रमाचे गुण होते, पण मी ब्लॉगवरचे सगळे लेख छापून, प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून घेऊन गेले. जिल्हा कार्यालयाचे प्रमुख, त्यांना सगळे साहेबच म्हणायचे, फाईल उलटीपालटी करत बसले.

"हे छापून कुठी आलं?"

"इंटरनेटवर, सर."

"म्हणजे कुठीच नाई." त्यांनी फाईल बाजूला ठेवली. "कात्रणं आणा. पेपरात नावानिशी छापून आलेली. कात्रणं पाहूनच आम्ही माणूस ठेवतो."

"पण सर, पेपरात काम मिळाल्याशिवाय कात्रणं कुठून येतील?"

"ते मले काऊन विचारता? सगळ्याईचं असंच होते." मग जरा पुढं वाकून म्हणाले, "जाहिराती आणू शकान का? मूलचे राइस मिलवाले ओळखीचे आहेत? पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढता येईन?"

मी म्हटलं, अब्बा त्या मिलवाल्यांच्या पोरांचे गणवेश शिवतात, तेवढी ओळख आहे. ते हसले. निघताना म्हणाले, "मराठी मात्र चांगलं आहे हो तुमचं. तुमच्या लोकांत असून."

माझ्या लोकांत असून! माझा जन्म मूलचा. आजोबांची कबर मूलची. पहिलीपासून मराठी शाळा, दहावीला मराठीत वर्गात पहिली. अब्बा गिऱ्हाइकाशी दिवसभर मराठीच बोलतात आणि शिव्याही मराठीतच देतात. हे सगळं तोंडापर्यंत आलं आणि मी ते गिळलं, कारण जून दोन दिवसांवर होता. "थँक यू सर," म्हणाले. हो, थँक यू म्हणाले मी त्या माणसाला.

"फाईल ठेवून जा," ते म्हणाले. "सवडीनं वाचतो."

ठेवून आले. मला काय माहीत त्यांची सवड कशी असते ते.

पुढच्याच आठवड्यात अब्बा दुकानातून जेवायला आले ते पेपर फडकवतच आले. "अरे, हे त तुयं हाये ना? त्या म्हातारीचं?" मी पेपर हिसकून घेतला. जिल्ह्याच्या पानावर, तीन कॉलम. माझं पहिलं वाक्य. माझं दुसरं वाक्य. लोखंडी टेबल, भिंतीवरचं चित्र, सगळं माझं. आनंदानं मी अब्बांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. मग मी वर नाव पाहिलं. त्यांच्या पोंभुर्ण्याच्या वार्ताहराचं नाव होतं.

अब्बा विचारत होते, तुझं नाव कुठी आहे म्हणून. मी काय सांगू? मी पेपर चुरगाळला, परत सरळ केला, परत वाचला. तेव्हा शेवट दिसला. शेवटची ओळ नव्हती. आम्हाला वर्गात शिकवलं होतं, महत्त्वाचं ते वर, बाकीचं खाली, कारण पानात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. मी महत्त्वाचं वर लिहिलं होतं आणि नावं बदलल्याची ओळ अगदी तळाशी. तेवढीच कापली गेली होती. वार्ताहरानं गावाचं नाव तपासलंही नव्हतं. त्याच्या स्वतःच्या तालुक्यात असं गाव आहे की नाही, एवढंही त्या हरामखोराला बघावंसं वाटलं नाही.

मी चंद्रपूरला जाऊन सरांना गाठलं. रडत नव्हते, पेटले होते. सरांनी बातमी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "अरे वा! म्हणजे तुझं लेखन छापण्याच्या दर्जाचं आहे हे सिद्ध झालं." मी म्हटलं, "सर, चोरलं ना त्यांनी!" तर म्हणाले, "सुरुवातीला असं होतं. ब्लॉगचा हाच तर फायदा आहे, लोकांपर्यंत पोचतं." त्या माणसाला मी तेव्हा काही बोलले नाही याचा मला आजही पश्चात्ताप होतो. निदान त्यांच्या फळ्यावरच्या त्या दोन रेघा तरी पुसायच्या होत्या.

आणखी चार दिवसांनी त्याच पानावर खालच्या कोपऱ्यात खुलासा आला. आरोग्य खात्यानं कळवलं होतं की अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष फिरून चौकशी केली असता या नावाचं गाव तालुक्यात आढळलं नाही, सबब सदर वृत्त निराधार आहे. पेपरनं दिलगिरी व्यक्त केली होती. मी ते वाचून आधी हसले. खरंच सांगते, पोट धरून हसले. चोराला बरी अद्दल घडली असं वाटलं. म्हातारीची आठवण मला तेव्हा आली नाही.

त्या खुलाशातूनच माझा उद्धार व्हायचा होता म्हणा. ब्लॉग वाचणाऱ्या पुण्याच्या एका माणसानं तो खुलासा पेपरच्या वेबसाइटवर पाहिला आणि माझा लेख आणि ती बातमी शेजारी शेजारी ठेवून पेपरच्या मुख्य कार्यालयाला पत्र पाठवलं. तिथून साहेबांना फोन गेला, आणि साहेबांचा फोन आमच्या शेजारच्या एस.टी.डी. बूथवर आला.

बोलावलं म्हणून त्यांच्या ऑफिसात गेले, तर ते एकदम बदललेले. चहा मागवला, पंखा माझ्याकडं वळवला. "चुकून झालं हो. फाईल टेबलावर पडली होती, पोरानं उचलली. आता जुनं कशाला काढता? तुम्ही आमच्या मूलच्या बातमीदार व्हा. नियुक्तीपत्र तयार आहे, पगारासकट. वार्ताहर नाई, बातमीदार." आणि मग, "फक्त एक करा. ब्लॉगवरून तो लेख काढून टाका. वर मी सांगतो की गैरसमज होता, लेख तुमच्याच हाताचा, आमच्यासाठीच लिहिलेला. विषय संपला."

मी म्हटलं, दोन दिवस द्या. खरं तर मला त्याच क्षणी हो म्हणायचं होतं. भावानं फॉर्म भरून फक्त माझी सही बाकी ठेवली होती. तरी काहीतरी टोचत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या गावाला गेले. झबली शिवून तयार होती, अब्बांनी तीही बरोबर दिली.

म्हातारी ओसरीत सूप घेऊन बसली होती. सून आत होती, तिचे दिवस भरत आले होते. मला पाहून म्हातारीनं विचारलं, "कई येईन वं पेपरात? इथी वाट पाहून राह्यलो आमी."

"आलं होतं ना बाई."

"कुठी आलं? जीपवाला साहेब आला होता एक. हापशीवर गाडी थांबवली. हातात पेपर होता त्याच्या. म्हणे, हे गाव कोणतं? अमुक गाव कुठी हाये?" तिनं मी बनवलेलं ते गोड नाव घेतलं. "आमी म्हटलं, असं गाव नाई इकडं. मीच म्हटलं त्याले. चार बाया होतो, साऱ्याईनं तेच सांगतलं. मंग गेला तो."

दवाखाना हापशीपासून दगड मारला तर लागेल एवढ्यावर होता. तो साहेब त्याच्या दारातून परत गेला होता, आणि त्याला परत पाठवलं होतं ते ह्याच बाईनं. माझ्यामुळं.

मी सगळं सांगितलं. तिला कळावं म्हणून दोनदा सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"माह्या गावाचं नाव काऊन बदललं?"

"तुमाले त्रास होऊ नये म्हणून, बाई."

"त्रास होऊन राह्यला म्हणूनच त तुले सांगतलं ना!" ती इतक्या जोरात ओरडली की सून दारात आली. "मी तुले दोन डाव नाव सांगतलं. लपवाचं असतं त सांगतलं असतं का? तुले कोणं म्हटलं लपव म्हणून? माह्यं नाव बी बदललं? मी काय चोरी केली काय?"

मी विचारलंच नव्हतं तिला. अमेरिकेतल्या, दुबईतल्या लोकांना काय वाटेल ते मी ओळीओळीला पाहिलं, पण हिला एका शब्दानं विचारलं नाही. शेवटी मी तिचा हात धरून म्हटलं, "उद्या पेपरात खरं नाव छापून आणते. शपथ." तिनं झबलं उलगडून पाहिलं, घडी घातली आणि सुनेच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर बसले आणि म्हटलं, नोकरी घेते, लेख काढते, पण गावाचं खरं नाव घालून बातमी परत छापा. चार ओळींत छापा.

"पागल झालात का?" ते म्हणाले. "एकदा दिलगिरी छापली की त्या विषयात पेपर परत हात घालत नाई. वरचे मले घरी पाठवतीन. आणि ठेकेदार आपला जाहिरातदार आहे." त्यांनी नियुक्तीपत्र माझ्याकडं सरकवलं आणि कॉम्प्युटरही माझ्याकडं वळवला. "ब्लॉग उघडा. नसन करायचं त राहू द्या, आपली काही जबरदस्ती नाई."

खरंच जबरदस्ती नव्हती. कुणी माझा हात धरला नव्हता. त्यांच्या ऑफिसात लाइटही होती आणि इंटरनेटही धडाधड चालत होतं. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की काढायचा का? मी हो म्हटलं. त्या लेखाबरोबर खालची सगळी उत्तरंही गेली. मग मी सही केली.

अब्बांनी गल्लीत पेढे वाटले. भाऊही खूश झाला, फॉर्म त्यानंच फाडला. सरांनी पुढच्या वर्षीच्या वर्गात माझं उदाहरण दिलं, ब्लॉगमुळं नोकरी लागलेली विद्यार्थिनी म्हणून. आणि ते खोटं नाही. कुणी विचारलं की ब्लॉगनं नोकरी लागते का, तर माझी लागली, फक्त लिहिल्याबद्दल नाही, पुसल्याबद्दल लागली.

मी त्या पेपरात पुष्कळ वर्षं काढली. आता मला वाटेल ते छापता येत होतं, निदान मूल तालुक्यात. पोंभुर्णा माझ्याकडं नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. आखाड आला, नाल्यावरून पाणी गेलं. सून कुठं मोकळी झाली, कशी झाली, मी विचारायला गेले नाही. म्हातारी बाजाराला येत असेल, पण अब्बांच्या दुकानात परत आली नाही.

हे लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की आज तरी त्या गावाचं खरं नाव लिहायचं. आता कुणाची भीती आहे? ठेकेदार गेला, साहेब निवृत्त झाले, मीही कुणाची नोकर नाही. दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. त्या गावात आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. नाव लिहिलं तर ते वाचतील, आणि मी काय केलं ते त्यांना कळेल. म्हणून याही वेळी गावाचं नाव लिहिलेलं नाही.